कात्री खाली बसते तेव्हा

तिचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटीचा रंग उडून पंधरा वर्षं झाली होती आणि नवा द्यावा असं कुणाला वाटलं नव्हतं. गल्लीत तिला सगळे कात्री म्हणत. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. बायकांचे कपडे शिवण्यात तिची चाळीस वर्षं गेली होती, आणि एवढ्या वर्षांत तिने जितकं कापड कापलं त्याच्या दुप्पट माणसं कापली होती, बसल्या जागेवरून आणि हातातलं काम न थांबवता.

सकाळी साडेसहाला ती चहाचा कप घेऊन दुकानाच्या खिडकीत उभी राही. समोर एक छोटी बाग होती, बागेभोवती फरसबंद वाट होती, आणि त्या वाटेवर बायका गोल गोल फिरत. पन्नाशीच्या, साठीच्या, दोन-चार सत्तरीच्याही. पायांत पांढरे बूट, हातात पाण्याची बाटली, आणि तोंडाचा पट्टा सुरू. घाण्याचा बैल फिरतो तर निदान तेल तरी निघतं, ह्यांच्या फिरण्यातून काय निघतं, असं कात्री म्हणे. नजर तर तिची टेपपेक्षा तयार. ह्या बाईचा डावा खांदा अर्धा इंच खाली आहे. ही दुसरी बाकापाशी पोचेपर्यंत पोट आत ओढून चालते आणि बाक मागे पडला की सोडून देते. माप देतानाही अशीच फसवते, म्हणून हिच्या कमरेला कायम दीड इंच जास्त धरावा लागतो. तिसरी सहा महिने फिरतेय आणि सहा महिन्यांत वाढलंय ते फक्त तिचं बोलणं. अशी एकेकीची हजेरी घेतल्याशिवाय कात्रीचा चहा खाली उतरत नसे.

व्यायाम म्हणजे बिनकामाच्या बायकांचा उद्योग, हे तिचं ठाम मत. काम करणाऱ्या बाईला व्यायाम कशाला? मी दहा तास मशीनवर असते, असं ती ज्याला त्याला ऐकवी. मशीनवर ती दहा तास असे हे खरंच होतं. फक्त त्या दहा तासांत अंगाचं नेमकं काय हलतं, हे तिला कुणी विचारलं नव्हतं आणि तिने स्वतःला विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

विचारलं असतं तर हिशेब फार काही सुखाचा निघाला नसता. तरुणपणी ती कापड जमिनीवर पसरून कापायची. उकिडवी बसायची, कापडाभोवती बेडकासारखी फिरायची, दिवसातून पन्नास वेळा उठायची. पंचेचाळिशीला तिने कापायला उंच टेबल करून घेतलं. कमरेला आराम पडला. मग पायमशीनला मोटर बसवली. आता पाय मारायचे नव्हते, नुसतं दाबायचं होतं. वाहवा. राहता राहिलं एक काम, घेर सारखा करायचं. पायघोळ कपडा अंगावर चढवला की खालची कड सगळीकडून जमिनीपासून सारख्या अंतरावर यावी लागते. त्यासाठी टेलरने गिऱ्हाइकाच्या पायाशी बसायचं, लाकडी पट्टी जमिनीवर उभी धरायची, तोंडातल्या टाचण्या एकेक काढत कापडाला लावायच्या आणि बसल्या बसल्या सरकत गिऱ्हाइकाला एक प्रदक्षिणा घालायची. कात्रीचा हात असा, की एका फेरीत घेर सारखा. दुसरी फेरी घालणारी टेलर म्हणजे शिकाऊ, असं ती म्हणे.

तर पंचावन्नच्या सुमाराला तिच्या लक्षात आलं की खाली बसता येतं, पण उठताना कशाला तरी धरावं लागतं. दुसरी एखादी बाई हादरली असती. कात्रीने युक्ती काढली. ती खाली जाईना, तेव्हा तिने गिऱ्हाइकाला वर घेतलं. आधी एक पाट आणला. गिऱ्हाईक पाटावर, ही बुटक्या स्टुलावर. दोन वर्षांनी गिऱ्हाईक स्टुलावर, ही खुर्चीत. आणि साठी ओलांडल्यावर गिऱ्हाईक सरळ कापायच्या टेबलावर चढू लागलं, आणि ही समोर ताठ उभी राहून, मान न वाकवता, टाचण्या लावू लागली. वर उजेड चांगला येतो, असं सांगायची. बायका बिचाऱ्या टेबलावर चढून पंख्याचा वारा खात उभ्या राहत आणि हिच्या हुशारीचं कौतुक करत. टेलरला खाली वाकता येत नाही म्हणून आपल्याला वर चढवलंय, हे त्यांतल्या एकीलाही कळलं नाही. डोळे असून आंधळ्या, हे कात्रीचं गिऱ्हाइकांबद्दलचं मत होतं, आणि ह्या एका बाबतीत ते तिच्या पथ्यावर पडलं होतं.

ती शेवटची जमिनीवर बसली त्याला नऊ वर्षं झाली होती. ही गोष्ट कुणालाही कळून चालणार नव्हती, आणि त्याला कारण तिचा मुलगा.

मुलगा दुसऱ्या गावी नोकरीला. आईशी तो रोज दुपारी चारला फोनवर बोले, म्हणजे उंटावरून शेळ्या हाके. पाणी पी, मीठ कमी खा, जरा चालायला जात जा. स्वतः तो घराच्या फाटकापर्यंतही गाडीने जाई. मागच्या वर्षी त्याच्या सासूबाई न्हाणीघरात पडल्या आणि दोन तास तशाच पडून राहिल्या. चार माणसांनी त्यांना उचललं. तेव्हापासून त्याच्या अंगात डॉक्टर संचारला. आईने दुकान बंद करून आपल्याकडे यावं असा त्याने हेका धरला, आणि खूप वादावादी झाल्यावर दोघांत एक करार ठरला. ज्या दिवशी आईला उचलायला कुणीतरी लागेल, त्या दिवशी दुकानाला कुलूप. कात्रीने तो तडकाफडकी मान्य केला. मला उचलायला कोण येतंय, म्हणाली. शिवाय असं ठरलं की चारचा फोन तिने लागोपाठ तीनदा उचलला नाही, तर तो शेजारच्या औषधवाल्याला फोन करेल. औषधवाल्याकडे दुकानाची दुसरी किल्ली होती, आणि औषधवाल्याला कळलं की गल्लीला कळलं.

दुकान गेलं तर कात्रीकडे काय उरलं असतं? मुलाच्या घरातली एक खोली, सुनेचे तयार कपडे, आणि गोळ्यांचा डबा. ती असल्या म्हाताऱ्यांना ओळखत होती. त्या वर्षातून एकदा येऊन कपडे घट्ट करून घेत, कारण दर वर्षी त्यांचं अंग थोडं थोडं उतरलेलं असे.

घरात दुसरं माणूस म्हणजे नणंदबाई. कात्रीच्या नवऱ्याची बहीण. वयाने कात्रीपेक्षा सहा वर्षांनी मोठ्या, सत्तरीच्या. नवरा गेल्यावर त्या भावाच्या घरी राहायला आल्या, पुढे भाऊही गेला, आणि दुकानामागच्या खोलीत ह्या दोघी उरल्या. नणंदबाई शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकं लावायचं काम करून निवृत्त झालेल्या. सरळ, मऊ, खोटं बोलायची वेळ आली की मान लाल होणाऱ्या. कात्रीला त्यांचा कंटाळा यायचा. जन्मात कुणाला उलटून बोलल्या नाहीत, अशा माणसाशी भांडणार तरी काय?

आणि आठ महिन्यांपूर्वी ह्या नणंदबाई उठून व्यायामाच्या वर्गाला जाऊ लागल्या.

बागेपलीकडच्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर तो वर्ग भरे. फक्त साठीपुढच्या बायकांसाठी. शिकवणाऱ्या बाईंनी तीस वर्षं एका दवाखान्यात हाडं मोडलेल्यांना पुन्हा चालायला शिकवण्याचं काम केलेलं. कात्रीने त्यांचं नाव कवायतबाई ठेवलं. पहिल्या दिवशी नणंदबाई पांढरे बूट घालून निघाल्या तेव्हा कात्री मशीन थांबवून हसली. आता ह्या वयात कुठल्या स्पर्धेत उतरताय वन्सं, म्हणाली. नणंदबाई नाड्या घट्ट करून निघाल्या.

घरी त्या सराव करत. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठायचं आणि बसायचं. ओट्याला हात लावून टाचा वर, टाचा खाली. एका पायावर उभं राहायचं, दात घासता घासता. कात्रीला हे सगळं फुकट करमणुकीसारखं होतं. खुर्ची गरम होतेय का बघा, तेवढ्याने तरी उपयोग होईल. बगळा झालात, आता मासा कधी धरताय? सर्वात जास्त ती हसायची ते जमिनीवरच्या प्रकाराला. नणंदबाई मुद्दाम फरशीवर आडव्या होत, कुशीवर वळत, हातागुडघ्यांवर येत, खुर्ची धरून उभ्या राहत. पुन्हा आडव्या होत. कात्री गिऱ्हाइकांना सांगायची, आमच्या वन्सं रोज पडायची प्रॅक्टिस करतात, खऱ्या पडतील तेव्हा चुकायला नको म्हणून. गिऱ्हाइकं टेबलावर उभी राहून हसत.

मग एका मंगळवारी दुपारी कवायतबाई स्वतः दुकानात आल्या. त्यांच्या लेकीचं लग्न होतं आणि त्यांनी पायघोळ झगा शिवायला टाकला होता. झगा अंगावर घालून त्या पडद्यामागून बाहेर आल्या. कात्रीने रीतसर टेबलाकडे बोट दाखवलं. चढा.

कवायतबाईंनी टेबल पाहिलं, त्याच्या शेजारचं स्टूल पाहिलं, स्टुलाखालचा पाट पाहिला. आणि मग कात्रीच्या गुडघ्यांकडे पाहिलं. तो सगळा इतिहास त्यांनी एका नजरेत वाचला असावा; तीस वर्षं त्यांनी दुसरं केलं काय होतं?

"मी नाही चढणार," त्या म्हणाल्या. "वर्गात बायकांना रोज सांगते, स्टुलावर चढू नका म्हणून. आणि मीच टेबलावर उभी राहू? मी इथं खालीच उभी राहते. तुम्ही बसा की खाली."

हे त्या अगदी सहज बोलल्या. पण कात्रीला त्यात आव्हान ऐकू आलं, कारण तिला प्रत्येक बोलण्यात तेच ऐकू येई. एक वाक्य पुरलं असतं: मला खाली बसून उठता येत नाही. हाडामांसाची साठीपुढची कुठलीही बाई ते बोलून मोकळी झाली असती. पण सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही. कात्रीने टाचण्यांची डबी उचलली, लाकडी पट्टी काखेत मारली, टेबलाचा पाय धरला आणि धप्पकन खाली बसली. खाली जाणं कुणालाही जमतं.

बसल्याबरोबर तिला कळलं की आपण गाढवपणा केला. नऊ वर्षांत जमीन फार खाली गेली होती. टेबलाची वरची बाजू, जिथे ती रोज कोपर टेकायची, ती तिथून छतासारखी दिसत होती. पण तोंडात टाचण्या होत्या आणि हातात पट्टी होती, आणि हात आपलं काम विसरले नव्हते. ती बसल्या बसल्या सरकत निघाली. पट्टी उभी, टाचणी आत. पट्टी उभी, टाचणी आत. एका फेरीत घेर असा सारखा झाला, की तिची तीच खूष झाली.

फेरी संपली. आता उठायचं होतं.

कवायतबाई खाली बघत होत्या. कात्रीने पायांत जोर आणून पाहिला. पाय नुसते थरथरले. मग तिने चाळीस वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. तोंडातल्या टाचण्यांआडून ती म्हणाली की मागची बाजू जरा खाली वाटतेय, आणि दुसरी फेरी सुरू केली. सारखी कड बोटभर वर घेतली. दुसरी फेरीही संपली. पाय अजून ऐकत नव्हते. तिसरी सुरू केली. आणखी बोटभर वर. तोंडात टाचण्या असल्याने बोलावं लागत नव्हतं एवढंच एक सुख होतं. बाकी तोंड दाबून बुक्क्यांचा मार. चौथ्या फेरीला झगा घोट्यांच्या बराच वर चढला.

"बाई," कवायतबाई शेवटी म्हणाल्या, "मी लेकीच्या लग्नाला चाललेय. चिखल तुडवायला नाही."

कात्री थांबली. पडद्यामागे जाऊन कवायतबाईंनी कपडे बदलले, झगा टेबलावर ठेवला आणि बाहेर आल्या. कात्री अजून खालीच होती. उठताय ना, असं त्यांनी विचारलं. टाचण्या सांडल्यात त्या वेचते, कात्री म्हणाली. टाचण्या सांडल्या नव्हत्या. सगळ्या एक तर डबीत होत्या नाहीतर झग्याला. म्हणून कात्रीने पाठीमागे हात नेऊन डबी कलती केली आणि दोनशे टाचण्या फरशीभर सांडल्या, आपलं बोलणं खोटं ठरू नये म्हणून. कवायतबाईंनी तो हात बघितला. मग त्या तडक वाचनालयाच्या दिशेने गेल्या.

घड्याळात पावणेचार झाले होते.

टाचण्या वेचायचा लोहचुंबक टेबलावर होता. फोन टेबलावर होता. सगळं जग टेबलावर होतं आणि कात्री जमिनीवर होती. तिने टेबलाचा पाय धरून ओढ घेतली. जाड कापडाचे चार थर एकदम कापणारे तिचे हात मजबूत होते, पण ते तिला नुसतं ओढून उभं करणार नव्हते. टेबल हललं आणि वरची मोठी कात्री खणखणत कडेला आली, तेव्हा तिने सोडून दिलं. पायांनी रेटून पाहिलं. दोनदा बूड फरशीवरून उचललं आणि दोनदा आपटलं. दहा मिनिटांत ती घामाघूम झाली. नऊ वर्षं जे काम तिने पायांना सांगितलं नव्हतं ते पाय आज कुठून करणार? तिला भीती वाटली. साधी, लहान मुलासारखी भीती.

चारला फोन वाजला. टेबलावर तो थरथरत वाजत राहिला आणि बंद झाला. एक.

तेवढ्यात दार उघडलं. नणंदबाई आत आल्या, त्याही घाईने, हातात वाचनालयाचं पुस्तक तसंच. त्यांनी खाली पाहिलं. काय झालं, कसं झालं, असलं काहीही विचारलं नाही.

"कवायतबाई भेटल्या," त्या म्हणाल्या. "म्हणाल्या घरी जा, पळू नका, पण जा."

"बघता काय?" कात्री खेकसली. "हात द्या. उचला."

"नाही उचलणार."

नणंदबाई उलटून बोलल्याचा हा पहिला प्रसंग. फोन पुन्हा वाजू लागला. नणंदबाईंनी टेबलाकडे पाहिलं आणि घेऊ का म्हणून विचारलं, आणि कात्रीने नको म्हणून हात हलवला. ह्या बाईने फोन घेतला तर मुलगा विचारणार आई कुठे आहे, आणि ही सांगणार, जमिनीवर. फोन वाजून थांबला. दोन.

नणंदबाईंनी पुस्तक ठेवलं, मागच्या खोलीतली लाकडी खुर्ची आणली, तिची पाठ भिंतीला टेकवून पक्की केली. मग त्या स्वतः फरशीवर बसल्या, सत्तरीच्या, काही न धरता, टाचण्यांमधून जागा काढत.

"तुला उचलायला म्हणूनच वर्गात गेले होते मी," त्या म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी बाईंना विचारलं, घरात माणूस खाली अडकलं तर उचलायचं कसं. त्या म्हणाल्या, उचलायचं नाही, दोघं पडाल. त्याला उठायला शिकवा. आता तू कुठली शिकतेस वहिनी? म्हणून म्हटलं, आपण तरी शिकून ठेवावं."

"तुम्हाला कुणी सांगितलं मला उठता येत नाही म्हणून?"

"नऊ वर्षं राहते मी ह्या घरात. पाट आला तेव्हाच कळलं."

कात्रीला लाज वाटली. आठ महिने ती ज्या बाईला टेबलावरच्या गिऱ्हाइकांसमोर हसत होती, ती बाई आठ महिने मुकाट्याने फरशीवर आडवी होत होती, कुणासाठी, तर हिच्यासाठी.

कुशीवर वळ, नणंदबाई म्हणाल्या. कात्री वळली. कोपरावर ये. आली. आता हातागुडघ्यांवर. इथे एक टाचणी गुडघ्यात घुसली आणि कात्रीने जी शिवी दिली ती टाचणीला होती, पण टाचण्या कुणी सांडल्या होत्या हे तिला पक्कं ठाऊक होतं. रांगत ये खुर्चीपर्यंत. आयुष्यभर ज्यांना ती पाठमोरं बघून नाक मुरडत आली होती त्या सगळ्या बायका आता खिडकीबाहेर उभ्या आहेत असं तिला वाटलं. खिडकीबाहेर कुणी नव्हतं. दोन्ही हात खुर्चीवर ठेव. उजवा गुडघा चांगला आहे का तुझा? मग उजवं पाऊल पुढे रोव. सपाट. आता नाक खुर्चीच्या पुढे ने. हातांनी ओढू नकोस गं, पायाने जमीन ढकल.

फोन तिसऱ्यांदा वाजू लागला.

"येत नाहीये," कात्री म्हणाली.

"येतंय. ढकल."

तिने ढकललं. पाय इतका थरथरला की खुर्ची भिंतीवर टकटक वाजू लागली. बूड वर आलं, तिथेच अडलं, आणि मग हळूहळू, कुठून कोण जाणे, गुडघा सरळ झाला. ती उभी राहिली. नणंदबाईंनी तिला बोटसुद्धा लावलं नव्हतं. दोन पावलं टाकून कात्रीने फोन उचलला.

इतका वेळ का, मुलाने विचारलं. टाचण्या सांडल्या होत्या, ती म्हणाली, आणि हे अक्षरशः खरं होतं. धाप का लागलीये? वेचत होते. मग नेहमीचं सुरू झालं, पाणी, मीठ, चालणं, आणि शेवटी संशय येऊन त्याने आत्याला फोन द्यायला सांगितला. आई बरी आहे ना, आत्या? नणंदबाईंची मान लाल होऊ लागली.

"बरी आहे," त्या म्हणाल्या. "मी काही तिला उचललं वगैरे नाही."

कात्रीने फोन हिसकावून घेतला आणि गिऱ्हाईक आलंय म्हणून बंद केला. मग दोघी समोरासमोर बसल्या आणि कात्रीला हसू आलं, नणंदबाईंनाही आलं, आणि ते थोडं जास्तच वेळ चाललं.

झगा अर्थातच बिघडला नव्हता. दुसऱ्यांदा घालून बघितल्याशिवाय खालची कड कापायची नाही, ही कात्रीची पद्धत. टाचण्या काढल्या, कापड खाली सोडलं. शनिवारी कवायतबाई पुन्हा आल्या तेव्हा टेबलाशेजारी भिंतीला टेकवून एक लाकडी खुर्ची ठेवलेली होती. त्या जमिनीवर उभ्या राहिल्या. कात्री खाली बसली, एक फेरी घातली, घेर सारखा. मग कुशीवर, कोपर, हातागुडघे, खुर्ची, पाऊल. बराच वेळ लागला आणि ते दृश्य काही शोभिवंत नव्हतं. तेवढा वेळ कवायतबाई खिडकीतून बागेकडे बघत उभ्या होत्या. पाय सुधारायला तीन-चार महिने लागतील, रोज करावं लागेल, एवढंच त्या जाताना म्हणाल्या. विचारलं नव्हतं, कात्री म्हणाली.

वर्गाला ती गेली नाही. जित्याची खोड. पण चार महिन्यांत गिऱ्हाइकं टेबलावरून स्टुलावर आली, स्टुलावरून पाटावर, आणि पाटावरून फरशीवर. वर उजेड चांगला येतो म्हणायचात ना, असं एकीने विचारलं, तेव्हा बल्ब बदललाय असं उत्तर मिळालं. सकाळी साडेसहाला कात्री अजूनही खिडकीत उभी असते आणि खांदे, पोटं आणि बुटांची निंदा करते. फक्त आता ती चहा पिता पिता टाचा वर करते आणि खाली करते, आणि कुणी बघितलं की थांबते.

परवा दुपारी काम नव्हतं. तिने लोहचुंबक घेतला आणि खाली बसून दुकानाची सगळी फरशी त्याने पुसून काढली. तीन टाचण्या निघाल्या. मग तिने भिंतीशी खुर्ची सरकवली आणि मागच्या खोलीत पुस्तक वाचणाऱ्या नणंदबाईंना हाक मारली.

"वन्सं, इकडे या. पडा खाली."

"मला येतं गं उठायला."

"आज येतं. उद्या कमरेत उसण भरली, चक्कर आली, काही सुचेना झालं, मग सांगणार कोण तुम्हाला, औषधवाला? मला एकदा नीट म्हणून घेऊ द्या सगळं. आधी कुशीवर, का आधी कोपर?"

नणंदबाईंनी पुस्तकात खूण ठेवली, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि फरशीवर आडव्या झाल्या.